भिंतींवाचून दार

“दार आधी उतरवा. भिंती मागनं पाडा. आनि दाराला पहार लागली तर बघा, एकेकाचं मनगट उतरवीन.”

एवढं बजावून यल्लव्वा समोरच्या लिंबाखाली जाऊन बसली. तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली आणि आपलंच घर पाडायला आलेल्या माणसांकडं तिऱ्हाइतासारखी बघत राहिली.

माणसं वस्तीतलीच होती. आमच्या गावाच्या उत्तरेला दगडाची जुनी खाण होती. खाण बंद पडली तरी दगड फोडणारी वडार मंडळी तिच्या काठावरच राहिली. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा, अशी सगळी घरं. त्यांत एकट्या यल्लव्वाच्या घराला सागवानी दार होतं, पितळी कडीचं. कुठलासा जुना बंगला पाडताना तिच्या नवऱ्यानं मालकाकडून ते मागून घेतलं होतं आणि डोक्यावरून वाहून आणलं होतं. नवरा पुढं सुरुंगात गेला. मुलगा गोव्याला गेला तो गेलाच. दार तेवढं राहिलं.

मी त्या वस्तीत अंगणवाडी चालवायची. चालवायची म्हणजे लिंबाखाली सतरंजी टाकून बसायची. पाऊस आला की पोरं गोळा करून कुणाच्या तरी घरात शिरायचं, आणि ते घर बहुतेक वेळा यल्लव्वाचंच असायचं.

“अक्का, आज काय सोडलंत?” तिनं बसल्या जागेवरून मला विचारलं.

हा तिचा रोजचा प्रश्न. मी जैन. लवकर वैधव्य आलं, तेव्हापासून गावातल्या मंदिराच्या आवारात एका खोलीत राहायची. सकाळी दर्शन झालं की देवापुढं त्या दिवसापुरता एक नियम घ्यायचा. कधी मीठ सोडायचं, कधी गूळ, कधी अमक्या वेशीपलीकडं जायचं नाही असं ठरवायचं. सासूबाईंनी घालून दिलेला परिपाठ होता. यल्लव्वाला त्याची मोठी गंमत वाटायची.

“आज गोड सोडलंय,” मी म्हटलं.

“बरं हाय बाई तुमचं. सोडायला घरात आदी असावं लागतंय. आमी सोडायचं म्हटलं तर काय सोडनार, दम?” ती स्वतःच हसली. तेवढ्यात पहिला पत्रा खाली आला. त्या आवाजाकडं बघत म्हणाली, “आज मीबी सोडलं की. तुमच्यापरास मोठं.”

हे सगळं घडलं ते धोंडीरामभाऊंमुळं. धोंडीरामभाऊ आमच्या प्रभागाचे नगरसेवक. त्यांनी खटपट करून खाणीसाठी समाजमंदिर मंजूर करून आणलं होतं. एक मोठी खोली, पुढं ओटा, आणि त्याच खोलीत सकाळी अंगणवाडी. पण बांधायचं कुठं? जिकडं बघावं तिकडं खड्डे आणि कपारी. सपाट, ऐसपैस जागा एकच होती. यल्लव्वाचं घर आणि त्यामागं पूर्वी तिची गाढवं बांधायची ती मोकळी पट्टी. लिंबाखाली बैठक भरली तेव्हा भाऊ म्हणाले होते, “मार्चअखेर काम सुरू दिसलं नाही तर निधी परत जातो. मग पुढल्या निवडणुकीपर्यंत पोरं लिंबाखालीच.”

सगळे खाली माना घालून बसले. कुणी कुणाकडं बघेना. मग यल्लव्वाच म्हणाली, “घ्या माझी. न्हाईतरी मी एकटी मानूस, कुटंबी पडीन.”

भाऊंनी सगळ्यांसमोर वाकून तिच्या पायाला हात लावला. “मावशी, घरकुलाची योजना येतीय. खाणीवरच्या प्रत्येकाला पक्कं घर. पहिली किल्ली तुमच्या हातात. हा माझा शब्द.”

“किल्ली कशाला, दार हाय की माझ्याकडं,” यल्लव्वा म्हणाली. सगळे हसले. भाऊही हसले.

दार उतरवून हणमव्वाच्या भिंतीला टेकवून ठेवलं. हणमव्वा म्हणजे शेजारीण, तोंडानं फटकळ आणि पोटात माया असलेली बाई. यल्लव्वानं बिऱ्हाड हलवलं ते फार लांब नाही. पायाच्या चरांशेजारी, सिमेंटच्या पोत्यांना लागून ताडपत्री बांधली आणि तिथं राहिली. दिवसभर नव्या बांधकामावर पाणी मारायची. मुकादमानं सांगितलं नव्हतं. जिथं तिची चूल होती तिथल्या भिंतीवर जरा जास्तच मारायची.

भिंती कमरेएवढ्या झाल्या आणि घरकुलाच्या सर्वेक्षणाची बातमी आली. घरोघरी येणार, दारावर लाल रंगानं नंबर टाकणार. ज्याच्या दाराला नंबर, त्याला घर.

दुसऱ्या दिवशी पोरांना लवकर सोडून मी कचेरीत गेले. घोरपडे म्हणून कारकून होते, सर्वेक्षण त्यांच्याकडं. माणूस सभ्य. मला खुर्ची दिली, पाणी विचारलं.

“जिची झोपडी समाजमंदिरासाठी घेतली, तिचं काय?” मी विचारलं.

“घेतली असं कुठं आहे, अक्का? कागदावर ती जागा मोकळीच होती. मोकळी होती म्हणून तर काम मंजूर झालं.”

“पण बाई तिथं राहत होती.”

“होती. आता झोपडी नाही. झोपडी नाही तर नंबर कशावर टाकू?”

“मग ती बेघर झाली ना? बेघरांसाठीही योजना आहे म्हणतात.”

“आहे की. तिच्यात घर बांधायला स्वतःची जागा दाखवावी लागते.”

“बेघर माणसाकडं जागा कुठून असेल?”

घोरपड्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. “योजना मी नाही केल्या, अक्का.” मी उठले तशी ते हळूच म्हणाले, “वादळानं पडलेली झोपडी आम्ही उभी धरतो. पडझड झाली, असं कुणी विश्वासाच्या माणसानं सांगितलं तर.”

वादळ झालंच होतं. चार दिवसांपूर्वीच्या वळवानं वस्तीतले पत्रे उडाले होते. मी हे हणमव्वाला सांगितलं आणि हणमव्वानं मांडी ठोकून सांगितलं, “मग झालं की! पडली म्हनून सांगायचं.”

“सांगणार कोण?”

“आमचं कोन ऐकतंय? तुमी सांगायचं. अक्का खोटं बोलत न्हाईत हे उभ्या गावाला ठावं हाय.”

मी सतरंजी झटकायला घेतली.

“म्हनूनच तर तुमी,” हणमव्वा म्हणाली. मग ताडपत्रीकडं वळून ओरडली, “यल्ले, ऐकलंस न्हवं? तू तोंड उघडायचं न्हाई. तुझं तोंड लई वाईट.”

“बरं,” यल्लव्वा म्हणाली. तेवढंच.

भाऊंना निरोप पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं की त्या दिवशी ते गावात नसतील, पण त्यांची हरकतही नसेल.

सर्वेक्षणाच्या दिवशी सकाळी मी मंदिरात गेले. दर्शन घेतलं. रोजच्यासारखे हात जोडले आणि नियम घ्यायला तोंड उघडलं, तर काही सुचेना. मीठ सोडू, तेल सोडू, आणि थोड्या वेळानं त्याच तोंडानं खोटं बोलू? ज्या देवापुढं कधी खोटं न बोलण्याचं व्रत घेतलं, त्याच्याकडं न बघता मी मागं सरकले. नियम न घेता पायऱ्या उतरले. लग्न होऊन या गावात आल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

खाणीवर पोचले तर यल्लव्वा जय्यत तयार. धुवट लुगडं, केसांना तेल. दार तिनं हणमव्वाच्या भिंतीपासून ओढत आपल्या जुन्या उंबऱ्याच्या जागी आणलं होतं आणि दोन्ही हातांनी उभं धरलं होतं. मागं भिंत नाही, वर छप्पर नाही. पितळी कडी चिंचेनं घासलेली.

“अक्का, आज काय सोडलंत?”

मी पदर सारखा केला. “आज… आज काही नाही.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग दाराकडं तोंड फिरवलं.

घोरपडे आले, सोबत रंगाचा डबा घेतलेला माणूस. निम्मी वस्ती त्यांच्या मागून चालत होती. जत्रेत पालखीमागं चालावं तशी. एकेका दारावर आकडा उमटत होता आणि बायका तो ओला आकडा बोट न लावता जवळून बघत होत्या. कुणी त्यावर हळदकुंकूही वाहिलं. इराप्पाच्या दोन खोल्या होत्या, घोरपड्यांनी एकीवरच नंबर टाकला. तो कुरकुरत मागून येत होता.

यल्लव्वाजवळ येऊन घोरपडे थांबले. उभ्या धरलेल्या दाराकडं बघून त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी दाबलं.

“हे काय, मावशी?”

यल्लव्वानं हणमव्वाकडं पाहिलं. हणमव्वानं मला कोपरानं ढोसलं.

“यांची झोपडी पडली,” मी म्हणाले. माझा आवाज मुळातच बारीक, तो आणखी बारीक झाला. “परवाच्या वळवात. दार तेवढं वाचलं.”

“तुम्ही बघितली पडलेली?”

“हो.”

घोरपड्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. “अक्का सांगतात म्हणजे प्रश्नच नाही,” असं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि रंगवाल्याला खूण केली. त्यानं कुंचला डब्यात बुडवला, काठाला निथळवला, आणि दाराच्या वरच्या फळीशी नेला.

“थांबा वो,” यल्लव्वा म्हणाली.

कुंचला थांबला.

“वळवानं काय पडलं न्हाई. माझी झोपडी मीच दिली. लेकरांच्या शाळंला दिली. ह्या भिंती दिसत्यात न्हवं, ह्या माझ्या घरावर उभ्या हाईत.” मग माझ्याकडं वळून, जरा रागानंच म्हणाली, “तुमी कशाला खोटं बोलता? नियमाचं मानूस तुमी.”

हणमव्वानं कपाळावर हात मारून घेतला. “अगं रांडं, गप की!”

घोरपडे हलक्या आवाजात म्हणाले, “मावशी, मी ऐकलं नाही असं समजतो. दार सरळ धरा.”

पण इराप्पानं ऐकलं होतं. “साहेब, ह्याला काय अर्थ हाय? माझी खोली उभी हाय, तिला नंबर न्हाई, आनि हितं नुसत्या दाराला? मग मीबी घरातलं एकेक दार काढून आनतो. सगळ्यांवर टाका.”

मागून आणखी दोघंतिघं बोलायला लागले. ज्यांना नंबर मिळाला होता ते गप्प होते. कुणी इराप्पाला गप्प करायला पुढं झालं नाही. घोरपड्यांनी हातातली यादी मिटली. म्हणाले, “मावशी, आता माझ्या हातात काही राहिलं नाही.” रंगवाल्यानं कुंचला एका दगडावर पुसला आणि ते पुढच्या घराकडं गेले.

यल्लव्वानं दार सोडलं नाही. माणसं पांगली तरी ती ते धरून उभी होती. शेवटी हणमव्वा आणि मी दोघींनी ते तिच्या हातातून घेतलं. ते दार पुढं हणमव्वाच्या न्हाणीला आडोसा म्हणून लागलं. भिजून फुगलं, पावसाळ्यानंतर त्याच्या फळ्या सुटल्या.

“का बोललीस? कुनी सांगितलं हुतं?” हणमव्वा त्या दिवशी तिला शिव्या घालता घालता रडत होती. यल्लव्वा पाणी मारायला निघून गेली.

मी हालचाल केली नाही असं नाही. लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या लोकशाही दिनाला कलेक्टर कचेरीत जाऊन उभी राहिले. अर्ज नगरपालिकेकडं गेला, नगरपालिकेतून घोरपड्यांकडं आला, घोरपड्यांनी त्यावर खरं तेच लिहिलं. धोंडीरामभाऊ म्हणाले, “ठराव घेऊ.” मंदिराच्या विश्वस्तांना विचारलं, माझ्या खोलीत एक बाई राहिली तर चालेल का. ते म्हणाले, आवारात समाजाबाहेरचं माणूस मुक्कामाला ठेवायचं नाही असा नियम आहे. मी सगळा जन्म नियमांवर काढलेली बाई. नियम आहे म्हटल्यावर काय बोलणार?

पावसाळाभर यल्लव्वा त्या अर्ध्या बांधलेल्या समाजमंदिरात झोपली. स्लॅब ओतून झाला तेव्हा तिनं मुकादमाला गूळ दिला.

उद्घाटन झालं ते दसऱ्याच्या पुढं. फीत कापली, नारळ फुटला, भाऊंच्या नावाची संगमरवरी पाटी उघडली. भाषणात भाऊंनी यल्लव्वाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या आणि एक साडी दिली. मग जाता जाता मला बाजूला घेऊन, खरोखर अवघडून म्हणाले, “अक्का, किल्ली तुमच्याकडं ठेवा. पण आत किंवा ओट्यावर कुणी झोपता कामा नये. तपासणी व्हायचीय. शासनाच्या इमारतीत वस्ती आढळली तर सगळंच अडचणीत येतं. मावशींसाठी रेल्वेच्या मालधक्क्याजवळ बेघरांचा निवारा आहे, मी बोललोय तिथं.”

तो निवारा गावाच्या दुसऱ्या टोकाला. दिवेलागणीला उघडायचा, सकाळी सगळ्यांना बाहेर काढून कुलूप लावायचे.

मंडप सोडणारी माणसं गेली. यल्लव्वा ओट्याच्या पायरीवर गाठोडं घेऊन बसली होती, साडीचा पुडा मांडीवर. ऊन कलतं होतं, सूर्य मावळायच्या आत मला जेवायला घरी पोचायचं होतं, पण पाय निघेना. मी तिच्याशेजारी बसले.

“त्या दिवशी का बोललात, यल्लव्वा? एवढं तरी सांगा.”

ती पुडा उघडून साडीचा काठ बघत राहिली. “तुमी त्या सकाळी काय सोडलं न्हवतं. मी इचारलं तवाच कळलं. देवाच्या दारातनं असं रिकामं आलेलं तुमाला कवाच बघितलं न्हवतं. म्हटलं, ही बाई माझ्यापायी आज काय तरी मोडनार.” तिनं काठ दुमडला. “खोली काय, मिळंल न मिळंल. पन तुमी इतक्या वरसांचं जोडलेलं माझ्या एका खोलीपायी मोडायचं, आनि म्या तिच्यात पाय पसरून झोपायचं? म्हनून आडवी आले. वाचलं न्हवं तुमचं?”

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. लहान पोर पाटीवर काढलेलं दाखवून बघतं तसं.

मी खोटं बोलून झालं होतं. ‘हो’ म्हटलं तेव्हाच ते व्रत मोडलं होतं. त्यानंतर ती काय बोलली त्यानं ते जुळून येणार नव्हतं. तिनं तिचं घर घालवलं होतं आणि त्यानं माझं काहीच वाचलेलं नव्हतं.

“वाचलं,” मी म्हणाले.

दुसऱ्यांदा खोटं बोलताना आवाज बारीकही झाला नाही.

“मग झालं तर,” यल्लव्वा म्हणाली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

हणमव्वा कडेवर नात घेऊन आली. उद्यापासून अंगणवाडी आत भरणार होती, पण घराघरांतून पोरं आणायला कुणी नव्हतं. मदतनिसाची जागा रिकामीच होती आणि बाया पहाटेच कामाला जायच्या. “आता ह्यांला कोन गोळा करनार?” हणमव्वा म्हणाली. “लिंबाखाली आपली आपली यायची. हितं आत दामटून कोन बसवनार?”

“मी आनते की,” यल्लव्वा म्हणाली.

“तू? मालधक्क्यावरनं?”

“सकाळी कुलूप घालत्यात. मग दिसभर मी काय करू? येते म्हटलं न्हवं. शब्द दिला.” गाठोडं डोक्यावर घेऊन ती उठली आणि साडीचा पुडा हणमव्वाच्या हातात कोंबला. “तुझ्या सुनंला दे. तिकडं चोऱ्या हुत्यात.”

पुढं घरकुलं झाली. बाह्यवळण रस्त्याच्या पलीकडं, शेतात उभ्या केलेल्या चार मजली इमारती. खाणीवरची नंबरवाली सगळी माणसं तिकडं गेली आणि समाजमंदिराभोवती समाजच उरला नाही. ठेकेदारानं काही दिवस त्यात सिमेंट ठेवलं, आता नुसतं कुलूप असतं. यल्लव्वा शेवटपर्यंत निवाऱ्यातच राहिली, आणि गेली ती सरकारी दवाखान्यात. माझे नियम चालूच आहेत. रोज सकाळी देवापुढं उभी राहते, काहीतरी सोडते.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी मी किल्ली घेऊन आले तेव्हा ओट्यावर फुलांचा कचरा पडला होता आणि आत ओल्या चुन्याचा वास कोंडला होता. मी खिडक्या उघडल्या. सतरंजी काढली. बाहेर बघते तर खाणीच्या कडेनं यल्लव्वा येत होती. गाव ओलांडून आलेली, गुडघ्यापर्यंत धूळ, लुगड्याचा काष्टा वर खोचलेला. पायरीपाशी येऊन थांबली. तिनं आत डोकावलं नाही, मीही “या” म्हणाले नाही. कुणाच्या घरात कुणाला या म्हणायचं, ते मला कळेना.

“लई घान केलीय मेल्यांनी,” ओट्यावरच्या पाकळ्या पायानं सारत ती म्हणाली. “तुमी झाडून घ्या, सतरंजी आंथरा. मी पोरं घिऊन येते.”

आणि पदर डोक्यावरून ओढून ती वळली, पहिल्या घराकडं चालू लागली.